देवगिरी जाळून इंद्रायणी निवळत नाही

अमीश त्रिपाठींच्या शिवकथेचं तिसरं आणि शेवटचं पुस्तक, 'वायुपुत्रांची शपथ', इंग्रजीत २७ फेब्रुवारी २०१३ला आलं. मराठी निघेपर्यंत मला दम धरवेना. इंग्रजीच घेतलं आणि अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारत, कंपनीच्या बसमध्ये, भोसरी ते चाकण आणि चाकण ते भोसरी, दोन आठवड्यांत संपवलं. पुढे मराठीतही वाचलं. त्या पुस्तकाच्या सुरुवातीच्या भागाने मला जे दिलं ते आजवर दुसऱ्या कुठल्याही लोकप्रिय कादंबरीने दिलेलं नाही. शेवटच्या भागात त्याच पुस्तकाने मला फसवलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीमुळे दुसरी माफ होत नाही.

मी ईटीपी ऑपरेटर आहे. कारखान्यात प्लेटिंग होतं, पार्ट धुतले जातात, त्याचं जे पाणी उरतं ते बाहेर सोडण्याजोगं करायचं, हे माझं काम. कारखान्याचा सगळ्यात मागचा कोपरा आमचा. व्हिजिटर आला की त्याला लाइन दाखवतात, रोबोट दाखवतात. आमच्याकडे कुणाला आणत नाहीत, वास येतो म्हणून. कथाकादंबऱ्यांतही आमच्याकडे कोणी फिरकत नाही. म्हणून त्या पुस्तकाने माझ्या कोपऱ्यात पाय टाकला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मेलुहा नावाच्या आदर्श राज्यात सोमरस नावाचं औषध आहे. ते घेणारा माणूस म्हातारा होत नाही, शंभरी ओलांडूनही ताठ चालतो. पहिल्या पुस्तकात, 'मेलुहाचे मृत्युंजय'मध्ये, तिबेटातून आलेल्या शिवाचा गळा त्याच सोमरसाने निळा होतो आणि लोक त्याला नीलकंठ मानतात. दुसऱ्यात, 'नागांचे रहस्य'मध्ये, पूर्वेकडच्या ब्रंगा देशात वर्षानुवर्षं साथीने माणसं मरताना दिसतात आणि व्यंग घेऊन जन्मलेल्या मुलांना नाग म्हणून राज्याबाहेर काढलेलं दिसतं. तिसऱ्याच्या आरंभी बृहस्पती हा शास्त्रज्ञ सगळे धागे जोडतो. सोमरस बनवायला सरस्वतीचं अफाट पाणी लागतं. त्यातून विषारी कचरा निघतो. तो हिमालयापलीकडे त्सांगपो नदीत टाकला जातो, तिथल्या गारठ्यात तो निपचित पडून राहील या हिशोबाने. आणि त्सांगपो म्हणजेच ब्रह्मपुत्रा, जी खाली ब्रंगात उतरते. नागांची व्यंगंही सोमरसाचीच देणगी.

(त्सांगपो आणि ब्रह्मपुत्रा एकच, हे खऱ्या जगातही एकोणिसाव्या शतकात शोधूनच काढावं लागलं. सिक्कीमच्या किंथुपने खुणा केलेले ओंडके त्सांगपोत सोडले होते. ते वाहत आले असतील तेव्हा खाली बघायला कुणी उभंच नव्हतं, कारण त्याचा निरोप वेळेवर पोचला नव्हता.)

बृहस्पतीचं ते पान वाचलं तेव्हा बस मोशीच्या पुलावर अडकली होती. खाली इंद्रायणी होती. मी पुस्तक मिटलं आणि खिडकीबाहेर बघत बसलो.

कारण त्सांगपोचा हिशोब मला तोंडपाठ होता. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका लहानशा प्लेटिंग शॉपमध्ये होतो. जुलैचा महिना, रात्रीची पाळी, टाकी काठोकाठ भरलेली आणि केमिकल संपलेलं. सुपरवायझर म्हणाला, "सोड रे आज. पाऊस बघ केवढाय, कोणाला कळतंय." मी व्हॉल्व्ह उघडला. पिवळं पाणी होतं, क्रोमचं, पिवळं म्हणजे अजून जहाल. नाल्याला लागलं आणि दिसेनासं झालं. मेलुहाचे शास्त्रज्ञ म्हणाले थंडीत गप्प बसेल, आम्ही म्हणालो पावसात मिसळून जाईल. खालच्या गावात काय होतं हे त्यांनी पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही. खालचं गाव म्हणजे आळंदी. १२९६ साली जिथे ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली ते गाव. आजही कार्तिकी जवळ आली की नदीवर पांढरा फेस तरंगतो आणि वारकरी तो हाताने बाजूला सारून डोक्यावर पाणी घेतात.

अमीश यांनी हे सगळं एका पुराणपुरुषाच्या गोष्टीत आणलं. शत्रू म्हणून एखादा दशमुखी राक्षस उभा केला नाही. एका चांगल्या वस्तूचा मळ शत्रू म्हणून उभा केला. जी चीज लोकांचं भलं करते तीच अति झाली की वाईट होते, आणि मग तिला व्यवहारातून बाजूला काढायचं असतं, हे त्यांचं सूत्र. मराठीतल्या मोठमोठ्या समीक्षकांनी या पुस्तकांकडे नाक मुरडलं. भाषा सपाट आहे, संवाद मॅनेजमेंटच्या वर्गातले वाटतात, असं म्हणाले. भाषेबद्दल ते बरोबर असतील. पण पाण्याच्या या पट्ट्यात पन्नास-साठ वर्षं कारखाने चालले, त्यावर त्या नाक मुरडणाऱ्यांच्या आवडत्या कादंबऱ्यांनी किती पानं खर्च केली ते त्यांनी आधी सांगावं. मग माझ्याशी भाषेबद्दल बोलावं.

सूत्र किती खरं आहे हे पिंपरीच्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. या शहराचा पहिला मोठा कारखाना मोटारींचा नव्हता, औषधाचा होता. १९५४ साली इथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, सरकारी मालकीचा देशातला पहिला औषध कारखाना, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने. पिंपरीच्या माळावर पेनिसिलिन बनू लागलं. ज्या घरात जखम चिघळून किंवा न्यूमोनियाने माणूस दगावत असे त्या घराला तो सोमरसच होता, यात मी काही वाढवून सांगत नाही. आणि ज्या अलेक्झांडर फ्लेमिंगने पेनिसिलिन शोधलं त्यानेच १९४५च्या नोबेल व्याख्यानात बजावलं होतं की अर्धवट मात्रेत वापराल तर जंतू त्याला सरावतील. तसंच झालं. सर्दीला अँटिबायोटिक, तापाला अँटिबायोटिक, दोन गोळ्या घेऊन बरं वाटलं की बंद. आज डॉक्टरांच्या हाताशी असलेली औषधं एकामागून एक बोथट होत आहेत.

म्हणजे चांगल्याचं वाईट कसं होतं हे अमीश यांनी अचूक हेरलं. पण त्यावर उपाय म्हणून कुणी पिंपरीचा कारखाना उडवा म्हणालं नाही. उपाय मात्रेत आहे: कुणाला, किती, केव्हा, आणि कुणाला अजिबात नाही. कंटाळवाणा उपाय आहे. रोजचा आहे. त्याला शंख फुंकत कोणी निघत नाही. मला वाटलं होतं, इतका अवघड प्रश्न मांडणारा लेखक शेवटच्या पुस्तकात त्या कंटाळवाण्या उपायाकडे वळेल आणि तोच थरारक करून दाखवेल. ताकद होती त्यांच्यात.

त्याऐवजी काय मिळालं? पाशुपतास्त्र.

सांगतो नीट. सोमरसाचा गुप्त कारखाना देवगिरीत असतो. (मराठी वाचकाला देवगिरी म्हटलं की यादव आठवतात, ही देवगिरी सरस्वतीकाठची, मेलुहाची राजधानी.) युद्ध होतं, सैन्यं इकडून तिकडे जातात, शेकडो पानं त्यात जातात. मग मेलुहाचा राजा दक्ष शांततेच्या बोलणीचं आमिष दाखवतो. मारेकरी शिवासाठी आणलेले असतात, पण देवगिरीला येते सती, शिवाची बायको. ती लढते. तो प्रसंग मी कितीदा वाचला असेल. एकटी, जखमांवर जखमा, तरी पाय रोवून. लेखकाने आपल्या सगळ्यात लाडक्या पात्राला मारताना हात आखडता घेतलेला नाही, आणि तिला अबला करून मारलेलं नाही. या प्रसंगासाठी मी त्यांना शंभर गुन्हे माफ करीन. पण त्याच प्रसंगानंतर पुढचा, एकशे एकावा गुन्हा घडतो. शिव शोकाने पेटतो आणि वायुपुत्रांच्या परिहा देशातून आणलेलं पाशुपतास्त्र देवगिरीवर सोडतो. शहर संपतं, कारखाना संपतो, गोष्ट संपते.

लोकांना बाहेर पडायची मुभा मिळते, हे मान्य. पण मुद्दा वेगळा आहे. तीन पुस्तकं चाललेला प्रश्न होता: सोमरसाचं काय करायचं? त्याचं उत्तर विचाराने आलं नाही, बायको गेल्याच्या दुःखाने आलं. सती जिवंत परतली असती तर देवगिरीचं काय झालं असतं? या प्रश्नाला पुस्तक पाठ दाखवतं. ज्या निर्णयावर दोन नद्यांचं आणि दोन देशांचं भवितव्य टांगलेलं होतं तो एका माणसाच्या घरच्या दुःखावर सोडून देणं ही लेखकाची पळवाट आहे.

दुसरं, कारखाना उडवून काही साधत नाही हे स्वतः अमीश यांनीच पहिल्या पुस्तकात दाखवलेलं आहे. मंदार पर्वतावरचा सोमरसाचा कारखाना स्फोटात उडतो. पुढे कळतं की बृहस्पतीनेच तो उडवला होता. आणि झालं काय? दुसरा कारखाना गुपचूप तयारच होता. सोमरस चालूच राहिला. जो धडा पहिल्या पुस्तकाने दिला तोच शेवटच्या पुस्तकाने विसरावा? मंदार उडवून जे जमलं नाही ते देवगिरी उडवून जमलं, कारण आता पानं संपत आली होती.

आणि त्सांगपोचं काय? वर्षानुवर्षं तळाशी साठलेला तो कचरा? माझा राग सगळ्यात जास्त इथे आहे. क्रोमचं पाणी आम्ही कसं हाताळतो ते सांगतो. आधी आम्ल घालून पीएच दोन-अडीचवर आणायचा. मग सोडियम मेटाबायसल्फाइट. पिवळं पाणी हिरवं झालं की जहाल क्रोम मवाळ झाला असं समजायचं. मग चुना, पीएच साडेआठ-नऊ. गाळ खाली बसतो, फिल्टर प्रेसमध्ये दाबला की त्याच्या वड्या पडतात. त्या पोत्यांत भरायच्या, वजन नोंदवायचं, रांजणगावला घातक कचऱ्याच्या ठिकाणी पाठवायच्या, पावती फाइलला लावायची. या सगळ्यात एक ग्रॅमही क्रोम नष्ट झालेला नसतो. होता तेवढाच असतो. फरक इतकाच की आता तो कुठे आहे हे आपल्याला माहीत असतं. विष संपवता येत नाही, त्याला सांभाळावं लागतं, हे मी हातमोजे घालून शिकलो. शेवटच्या प्रकरणांत मी तो सांभाळणारा माणूस शोधत राहिलो. भेटला तो अस्त्र सोडणारा.

या सगळ्या पडझडीत एक पात्र मात्र मला सोडत नाही: पर्वतेश्वर. मेलुहाचा सेनापती. त्याला शिव नीलकंठ आहे हे मनोमन पटलेलं आहे, सोमरसाबद्दल शिव खोटं बोलत नाही हेही पटलेलं आहे, तरी तो समोर येऊन सांगतो की मी माझ्या देशाच्या बाजूने लढणार. शेवटी पळूनही जात नाही, देवगिरीतच थांबतो, आणि त्याची बायको आनंदमयी त्याच्यासोबत थांबते. चाकणच्या पट्ट्यात असे पर्वतेश्वर पाळीपाळीला भेटतात. नाल्यात काय जातं हे माहीत असतं, चूक आहे हेही माहीत असतं. पण पोराची फी त्याच पगारातून जाते, घराचा हप्ता त्याच पगारातून, आणि कंत्राटावरच्या माणसाने तोंड उघडलं तर उद्या गेटपास मिळत नाही. त्यांची निष्ठा गुन्ह्याशी नसते, घराशी असते. पर्वतेश्वराची ही घालमेल म्हणजे कारखानदारीच्या नीतीचा गाभा आहे. लेखकाने तो गाभा हातात घेतला, चांगला चोळला, आणि मग स्फोटात टाकून दिला. पर्वतेश्वर जगायला हवा होता. कारखाना बंद कसा करायचा, टप्प्याटप्प्याने, कुणालाही उपाशी न मारता, हे ठरवणाऱ्या बैठकीत तो बसायला हवा होता.

मला माहीत आहे या टीकेवर भक्त काय म्हणतात. "अहो, ही शिवाची गोष्ट आहे. सती गेली म्हटल्यावर तांडव होणारच." मग पुराणच उघडू. दक्षाच्या यज्ञात सती देह टाकते, वीरभद्र यज्ञाचा विध्वंस करतो, दक्षाचं डोकं उडवतो. पण पुराण तिथे थांबत नाही. शिव शांत होतो, दक्षाला बोकडाचं डोकं लावून जिवंत करतो, आणि मोडलेला यज्ञ पुरा होतो. मूळ गोष्टीत दुरुस्ती आहे. विध्वंसावर पडदा पाडून प्रेक्षकांना घरी पाठवणं पुराणकारांनाही पटलं नव्हतं.

त्याहून मोठी गोष्ट नावातच आहे. नीलकंठ. समुद्रमंथनातून हलाहल निघालं तेव्हा शिवाने ते कुठे फेकलं नाही. गिळलं असतं तर आत गेलं असतं, थुंकलं असतं तर जगावर पडलं असतं. त्याने ते गळ्यात धरलं आणि धरूनच ठेवलं. विष कुठे आहे हे अख्ख्या जगाला दिसावं असा त्याचा गळा निळा झाला. माझ्या धंद्याचं याहून नेमकं वर्णन मला कुणी करून दाखवावं. तीन पुस्तकं ज्याला नीलकंठ म्हणत आणलं, त्याच्या हातून शेवटी नीलकंठाचं काम करून घेण्याऐवजी लेखकाने त्याला नुसता संहारक केला. ही गोष्ट मी विसरू शकत नाही.

आणि आम्ही वाचक? आम्ही टाळ्या वाजवल्या. शेवट आवडला म्हणणारे माझ्या बसमध्येच दहा जण होते. कारण असाच शेवट आपल्याला बाहेरही आवडतो. २०२५च्या फेब्रुवारीत चिखली-कुदळवाडीत महापालिकेने बुलडोझर लावले. भंगाराची गोदामं, लहान शॉप, शेडमागून शेड, हजारो बांधकामं पडली. ती बेकायदा होती, तिथे आगी लागत होत्या, घाण होत होती, सगळं खरं. लोक म्हणाले, झालं, आता नदी सुटली. त्यानंतरही इंद्रायणीच्या फेसाच्या बातम्या आल्याच. येणारच होत्या. फेस येतो साबणाने, डिटर्जंटने. त्यात कारखान्याचं पाणी आहे तसं नव्या सोसायट्यांचं मैलापाणी आहे, नदीकाठच्या गावांचं आहे, माझ्या घरच्या मोरीतलंही आहे. या विषाला राजधानी नाही. अस्त्र सोडायचं कुठे?

पाण्याचंही तसंच. सोमरस सरस्वती पितो हे वाचताना मला मावळातलं बऊर आठवलं. ९ ऑगस्ट २०११. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद पाइपने पाणी नेण्याविरुद्ध मावळचे शेतकरी द्रुतगती महामार्गावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला, तीन जण गेले. ज्यांचं पाणी जातं आणि ज्यांच्या नळाला ते येतं, त्या दोघांनी समोरासमोर बसून लिटरमागे लिटर बोलणं, एवढीच यातून वाट आहे. असं बोलणं सरस्वतीकाठच्या आणि ब्रह्मपुत्रेकाठच्या लोकांत झालेलं मला त्या शेवटच्या पुस्तकात वाचायचं होतं. ब्रंगाचा मच्छीमार आणि मेलुहाचा वैद्य, दोघं एका चटईवर. शंभर पानं लागली असती तरी मी श्वास रोखून वाचली असती.

माझ्या हाताखाली नवा ट्रेनी आला आहे, लातूरकडचा पोरगा, आयटीआय झालेला. त्याने माझ्या लॉकरमध्ये पुस्तकं बघितली आणि पहिलं मागून नेलं. आठवड्यात परत आणलं, दुसरं नेलं. काल फिल्टर प्रेस उघडताना म्हणाला, "दादा, ते नाग असे का जन्मतात, ते तिसऱ्यात कळतं का?"

म्हटलं, कळतं.

"मग तिसरं आणा ना उद्या."

आणणार आहे. नको वाच, असं मी त्याला सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. बृहस्पतीची ती पानं त्याने वाचलीच पाहिजेत, आणि टाकीच्या काठावर उभं राहून वाचली तर फारच चांगलं. सतीची लढाईही वाचली पाहिजे. मात्र शेवटच्या कोऱ्या पानावर मी पेन्सिलीने एक ओळ लिहून ठेवली आहे: त्सांगपोतला कचरा कोणी काढला? सोमवारपासून आम्ही दोघं सेकंड शिफ्टला आहोत. तेव्हा त्याला विचारीन.